वाचनाला कामाला जुंपू नका

गोव्यात वाचनावर वाद सुरू झाला की दोन बाजू ठरलेल्या असतात. एक बाजू म्हणते, मुले वाचत नाहीत, मोबाईलने सगळे गिळले, भाषा गेली, संस्कार गेले, तेव्हा मुलांना वाचायला लावा. दुसरी बाजू बहुधा तरुणांची. ती विचारते, वाचून मिळते काय? माहिती हवी तर क्षणात हातात येते, गोष्ट हवी तर पडद्यावर आहे, परीक्षेपुरते लागेल तेवढे वाचतोच आहोत. अलीकडे यात तिसऱ्या मंडळींची भर पडली आहे. ती वाचनाची कैवारी आहेत, पण हिशेबाने. वर्षाला पन्नास पुस्तके, रोज पहाटे वीस पाने, दर पुस्तकातून पाच सूत्रे, आणि तेवढेही जमत नसेल तर अख्ख्या पुस्तकाचा सारांश पंधरा मिनिटांत कानात. हे तिघे एकमेकांना कितीही टाकून बोलोत, एका गोष्टीवर त्यांचे एकमत आहे. वाचन हे कशाचे तरी साधन आहे. संस्काराचे, गुणांचे, नोकरीचे, यशाचे. हे साधन अजून चालते की मोडीत निघाले, एवढ्यापुरतेच त्यांचे भांडण.

माझा आक्षेप त्या एकमतालाच आहे. माणूस स्वतःच्या मनाने, आनंदासाठी वाचतो ते वाचन आधी. शिकणे आणि विचारपूर्वक जगणे त्यातून घडते, आणि बहुतेक वेळा न मागता घडते. आधी उद्दिष्ट ठरवून त्याच्या मापाने पुस्तक निवडले की आनंद तर जातोच, पण ज्याच्यासाठी आनंदाचा बळी दिला ते शिकणेही फारसे हाती लागत नाही. हे भाबडे वाटेल, पण गोव्यात असे म्हणायला भक्कम आधार आहे. लोकांनी काय वाचावे हे वरून ठरवण्याचा प्रयोग इथे शतकानुशतके झाला आहे, आणि त्याचे काय झाले तेही आपल्यासमोर आहे.

युरोपीय धर्तीचा छापखाना आशियात पहिल्यांदा उतरला तो १५५६ साली, गोव्यात, जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाच्या सेंट पॉल महाविद्यालयात. निघाला होता ॲबिसिनियाला (आजच्या इथिओपियाला), राहिला इथेच. त्यावर प्रामुख्याने धर्मशिक्षणाची पुस्तके छापली गेली. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांनी काय जाणावे, काय मानावे, हे प्रश्नोत्तरांत नेमके बांधून देण्याची ती रीत होती. आजच्या भाषेत सांगायचे तर सारांश तयार होता, सूत्रे तयार होती. तरी लोकांचे समाधान झाले नाही. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांच्या क्रिस्तपुराणाच्या आरंभीच गोव्यातल्या साष्टी तालुक्यातला एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीबाबांना विनवतो, की तुम्ही शिकवता ते चांगलेच आहे, पण आमची जुनी पुराणे बंद झाली, तर त्यांच्या जागी दुसरे एखादे पुराण आम्हाला का देत नाही? ही मागणी नीट ऐकायला हवी. हा माणूस ज्ञान कमी पडते अशी तक्रार करत नाही. जे जाणायचे ते त्याला मिळालेले आहे. त्याला हवी आहे कथा. ज्यात मन रमेल, जिच्यात पुन्हापुन्हा जाता येईल, जी वर्षभर पुरेल. स्टीफन्स यांचा मोठेपणा हा की त्यांनी ती मागणी क्षुल्लक मानली नाही. सुमारे अकरा हजार ओव्यांचे पुराण त्यांनी मराठीत रचले आणि १६१६ साली ते साष्टीतल्याच रायतूरला छापले गेले.

पुढे जे झाले ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. सतराव्या शतकात हे पुराण आणखी दोनदा, १६४९ आणि १६५४ मध्ये छापले गेले. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ मध्ये स्थानिक भाषाच मोडून काढण्याचा पोर्तुगीज राजवटीचा हुकूम निघाला. छापखानाही पुढे बंद पडला, आणि गोव्यात पुन्हा छपाई सुरू व्हायला १८२१ साल उजाडले. तरी पुराण टिकले, कारण लोकांनी ते हाताने उतरवून ठेवले, गोव्यातून दक्षिणेकडे गेलेल्या कुटुंबांनी जवळ बाळगले, आणि १९०७ साली मंगळूरला ते पुन्हा छापले गेले तेव्हा या हस्तलिखितांचाच आधार होता. अकरा हजार ओव्या हाताने उतरवायला माणूस का बसतो? त्याला गुण मिळणार नसतात, नोकरी मिळणार नसते. प्रश्नोत्तरांची पोथी पाठ झाली की तिचे काम संपते. कथेचे काम संपत नाही, म्हणून तिच्यासाठी माणसे बोटे झिजवतात.

आज सारांशाची बाजू घेणारे म्हणतील, प्रत्येक पुस्तकाला एवढा मान कशाला द्यायचा? पुष्कळ पुस्तके खरोखरच एका प्रकरणाच्या मजकुराची असतात, बाकी भरताड. हे मला पूर्ण मान्य आहे. करविषयक मार्गदर्शिका किंवा दुरुस्तीचे पुस्तक कुणी पहिल्या पानापासून वाचत नाही, वाचूही नये. 'यशस्वी कसे व्हावे' छापाची जी पुस्तके पंधरा मिनिटांत ऐकून होतात, ती तेवढ्याच लायकीची असतात. त्यांचा सारांश काढणाऱ्याने अन्याय केला असे मी म्हणणार नाही. पण त्या पुस्तकांवरून वाचनाची व्याख्या करणे हा घोटाळा आहे. चांगल्या कादंबरीतले 'सूत्र' एका वाक्यात सांगता येते, आणि ते वाक्य ऐकून कुणाचेही काही बदलत नाही. वाचणारा माणूस तीनशे पाने एका अनोळखी बाईच्या संसारात राहतो, तिच्यावर चिडतो, तिची बाजू घेतो, मध्येच आपण हिच्या जागी काय केले असते असे त्याच्या मनात येते. तो राहण्याचा काळच शिकवतो. तो काळ कापून टाकला की उरते ते फक्त दुसऱ्याला सांगण्याजोगे.

वाचनाविरुद्ध सर्वांत जड मुद्दा मात्र वेगळाच आहे, आणि वाचनाचे प्रेमी त्याला सहसा भिडत नाहीत. वाचनाने माणूस चांगला होतो याला पुरावा काय? पणजीच्या नगरपालिका उद्यानाला गार्सिया द ऑर्ताचे नाव आहे. या पोर्तुगीज वैद्याने भारतातल्या औषधी वनस्पतींवर लिहिलेला ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. घराणे मूळचे ज्यू, धर्म बदललेले. १५६८ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला इन्क्विझिशनने, म्हणजे धर्मद्रोह शोधून शिक्षा देणाऱ्या चर्चच्या न्यायासनाने, जाळले, आणि १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडे थडग्यातून उकरून जाळली. हे करणारे अडाणी नव्हते. लॅटिन जाणणारी, ग्रंथांत आयुष्य घालवलेली माणसे होती. ज्या शहरात छापखाना आला, त्याच शहरात हे घडले. तेव्हा पुस्तके वाचणारा समाज आपोआप सुसंस्कृत होतो, हे सभांमधून सांगणे आता थांबवू या. ते खरे नाही.

पण त्याच ग्रंथाकडे पुन्हा पाहा. ऑर्ताने तो संवादाच्या रूपात लिहिला. रुआनो नावाचा एक कल्पित विद्वान पाहुणा प्राचीन ग्रंथकारांचे दाखले देतो. ऑर्ता ऐकून घेतो आणि जिथे पटत नाही तिथे इथे गोव्यात आपण स्वतः काय पाहिले ते सांगतो. वाचलेल्याशी वाद घालण्याची ही मोकळीक, आणि दुसरीकडे उत्तर आधीच ठरवून त्याचा दाखला शोधण्यासाठी ग्रंथ उघडणे, ही दोन्ही वाचनेच आहेत. पण त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. इन्क्विझिटरचे वाचन हे पराकोटीचे उद्दिष्टनिष्ठ वाचन होते. आनंदासाठी वाचणारा माणूस सज्जन असेलच असे नाही, एवढे कबूल. पण पुढच्या पानावर काय येईल हे त्याला ठाऊक नसते, आणि ठाऊक नसणे त्याला आवडते. मनाची ही सवय लागलेल्या माणसाला एकच उत्तर खरे मानायला लावणे अवघड जाते. सत्तेला हे नेमके कळते. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारच्या काळात गोव्यात छापायचा मजकूर आधी सेन्सॉरला दाखवावा लागे, तो काय उगाच?

आता बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबींकडे येतो, कारण विचारपूर्वक जगण्याचा मुद्दा त्यांच्याशिवाय गोव्यात मांडताच येणार नाही. जन्म १८७६, गाव सांखवाळ. शाळा जेमतेम, पोरवयातच माडांच्या बागायतीची देखरेख अंगावर. पणजीत त्या वेळी सार्वजनिक ग्रंथालय होते, १८३२ साली स्थापन झालेले, देशातले सर्वांत जुने. पण तो पोर्तुगीज राजवटीचा संग्रह होता आणि सांखवाळच्या या मुलाच्या तो कामाचा नव्हता. त्याच्यापर्यंत पोचले ते विनायक कोंडदेव ओकांचे 'बालबोध' मासिक. नावाप्रमाणेच मुलांसाठी काढलेले, छोटी चरित्रे आणि गोष्टी देणारे. त्यात त्याने बुद्धाचे चरित्र वाचले आणि ते त्याच्या मनातून जाईना. १८९९ च्या अखेरीस तो घर सोडून निघाला. पुणे, काशी, नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश अशी वाट तुडवत त्याने बौद्ध ग्रंथांची भाषा पाली शिकून घेतली; १९१० मध्ये तो हार्वर्डमध्ये पाली ग्रंथाच्या संपादनाला बसला होता. कोणत्या शिक्षकाने, कोणत्या ध्येयतक्त्याने त्याला हे वाचायला सांगितले असते? उपयोगाच्या दृष्टीने पाहिले तर बागायत पाहणाऱ्या, संसारी तरुणाने मुलांचे मासिक चाळत बसणे हा वेळेचा अपव्ययच होता. आजचा सल्लागार त्याला नारळाच्या लागवडीवरचे पुस्तक देता.

इथे एक कटू गोष्ट टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. धर्मानंद निघाले तेव्हा त्यांना नुकतीच मुलगी झाली होती. त्यांच्या या निवडीची किंमत पत्नी बाळाबाईंनी मोजली, मागे राहून. वाचनातून उमललेले एकाचे आयुष्य दुसऱ्याच्या न विचारता लादलेल्या एकटेपणावर उभे होते. म्हणून आनंदासाठी वाचन ही सवड असलेल्यांची चैन आहे, हा आक्षेप मी हलका मानत नाही. रात्रपाळी करून आलेली परिचारिका, हॉटेलात बारा तास उभा राहणारा मुलगा, पहाटे बाजारात मासळी घेऊन बसणारी बाई, यांनी कधी वाचायचे? आणि घरात पुरुष वर्तमानपत्र उघडून सोप्यावर बसतो तेव्हा आत चूल कोण पाहत असते?

पण या आक्षेपातून निष्कर्ष कोणता काढायचा? सवड थोड्यांनाच आहे, हे ती सर्वांना मिळावी यासाठीचे कारण आहे. उलट बाजूने विचार करून पाहा. वाचन उपयोगापुरतेच असावे असे आपण ठरवले तर काय होईल? ज्याच्या घरी पुस्तके आहेत त्याची मुले गोष्टी, प्रवासवर्णने, कविता वाचत राहतील, कारण ती हाताशी असतील. ज्याच्या घरी नाहीत त्याच्या मुलाला आपण सरकारी नोकरीच्या परीक्षेचे गाइड देऊ आणि त्यालाच वाचन म्हणू. ही वाटणी आज झालेली आहे. गावोगावच्या ग्रंथालयांत अभ्यासिका भरलेल्या दिसतात. त्या मुलांबद्दल मला तक्रार नाही, त्यांना घरी बसायला शांत कोपरा नाही आणि नोकरीची गरज खरी आहे. त्यांना टेबल, पंखा, दिवा मिळालाच पाहिजे. पण त्यांच्या पाठीमागे जी पुस्तकांची कपाटे असतात, त्यांतले एकही पुस्तक काढून पाहण्याची मुभा त्यांना स्वतःला द्यावीशी वाटत नाही, याचे मला वाईट वाटते. त्यांना ती अपराधासारखी वाटते. हा अपराधभाव त्यांच्यात कुणी पेरला? 'अभ्यासाचे वाच' हे आपणच म्हणत आलो.

आणखी एक युक्तिवाद गोव्यात वारंवार ऐकू येतो, आणि तो ऐकताना मी नेहमी थोडा थबकतो. आपली परंपरा कानाची आहे, डोळ्यांची नाही. कीर्तन, भजन, दशावतार, जागर यांतून पिढ्यान्पिढ्या माणसे शहाणी झाली. मग ऐकण्या-पाहण्याला कमी का लेखता? कमी लेखण्याचा प्रश्नच नाही. मी श्रावणातल्या पोथ्या ऐकत वाढलो. घरात एकजण वाची, बाकीचे ऐकत, आणि अर्थावरून वाद घालत. क्रिस्तपुराणही चर्चमध्ये सणा-रविवारी मोठ्याने वाचले जाई. त्या ऐकण्यात वाचणारा थांबवता येत असे, 'परत वाच' म्हणता येत असे, कीर्तनकाराला दुसऱ्या दिवशी गाठून शंका विचारता येत असे. आजच्या पडद्यावर एक दृश्य संपायच्या आत पुढचे सुरू होते, आणि ते कोणते असावे हे आपण ठरवत नाही. फोनवरही सबंध पुस्तके आहेत, उत्तम दीर्घ लेख आहेत. मी ते वाचतो. यंत्राशी माझे भांडण नाही. प्रश्न पुढचे पाऊल कुणाच्या हाती आहे याचा आहे. पुस्तकात थांबायचे कुठे, मागे कधी जायचे, कंटाळून बंद कधी करायचे, हे वाचणारा ठरवतो. दिवसातल्या किती गोष्टींबद्दल आपल्याला असे म्हणता येते? विचारपूर्वक जगणे म्हणजे काय याच्या मोठ्या व्याख्या करण्यापेक्षा, रोज अर्धा तास तरी आपले लक्ष आपण स्वतः कुठे ठेवतो, एवढ्यापासून सुरुवात केलेली बरी.

भाषेच्या वादाचेही एक सांगितले पाहिजे. २०११ मध्ये इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांना अनुदान देण्यावरून गोवा ढवळून निघाला. तो विषय अजून मिटलेला नाही. त्यात माझे मत आहे, मातृभाषेच्या बाजूचे आहे. पण इतक्या वर्षांत मंचावरून पाठ्यपुस्तक कोणत्या भाषेत असावे यावर जितके बोलले गेले, त्याच्या शतांशानेही मूल पाठ्यपुस्तकाबाहेर काय वाचते यावर कुणी बोलले नाही. आपल्याकडे बोलणे कोकणीत, वाचणे मराठीत आणि शाळा इंग्रजीत अशी असंख्य घरे आहेत. अशा मुलाला कोणतीही एक भाषा पूर्ण आपली वाटत नाही, असे म्हणून आपण हळहळतो. गोष्टीत गुंगलेल्या मुलाला मात्र तीनही भाषा आपल्या वाटू लागतात, कारण तो भाषा शिकायला बसलेला नसतो. चोर सापडतो की नाही हे त्याला बघायचे असते. मराठी टिकावी म्हणून मुलांनी मराठी वाचावे, असे सांगणारे कार्यकर्ते माझे मित्र आहेत. त्यांना माझे सांगणे आहे की मुलावर भाषा जगवण्याची जबाबदारी टाकू नका. त्याला एक चांगले, भयंकर, हसवणारे मराठी पुस्तक द्या आणि बाजूला व्हा. कोकणी दिलेत तरी मला आनंदच आहे.

गोव्याची साक्षरता १९६१ साली पोर्तुगीजांपासून मुक्तीच्या वेळी तीसेक टक्के होती. २०११ च्या जनगणनेत ती ८८.७ टक्के झाली. हे मोठे काम आहे आणि ते शाळांनी केले. पण अक्षरे येणे आणि वाचावेसे वाटणे यांतले अंतर शाळा कापत नाही, उलट पुष्कळदा वाढवते. गोष्ट वाचून झाली की लगेच 'यावरून काय बोध घ्याल?' हा प्रश्न येतो, आणि मूल ओळखते की गोष्ट हा सापळा होता. आठवड्यात एक तास असा ठेवा ज्यानंतर काही विचारले जाणार नाही, काही लिहून द्यायचे नाही, पुस्तक आवडले नाही तर अर्ध्यात टाकायची मोकळीक आहे. वाचनस्पर्धा बंद करा. ज्याने जास्त पुस्तके संपवली त्याला बक्षीस दिले की बाकीची मुले पातळ पुस्तके शोधू लागतात. चित्रकथा, भुतांच्या गोष्टी, हेरकथा यांना कपाटात सन्मानाने जागा द्या. आपल्यापैकी किती जणांचे वाचन थेट अभिजात ग्रंथांपासून सुरू झाले? बहुतेकांना वाट दाखवली ती अशाच पुस्तकांनी.

आणि ग्रंथालये. १९९३ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आपल्याकडे आहे. पणजीत पाट्टोवर सोळाव्या शतकातले लेखक कृष्णदास शामा यांच्या नावाची मध्यवर्ती ग्रंथालयाची भव्य वास्तू आहे, तिचा मला अभिमान वाटतो. पण काणकोण किंवा सत्तरीसारख्या दूरच्या तालुक्यातल्या मुलीला पणजी रोजची नाही. तिच्यासाठी गावातले ग्रंथालय हेच ग्रंथालय. जिथे ते कार्यालयीन वेळेत उघडते आणि माणसे कामावरून परतायच्या आत बंद होते, तिथे त्याचा कामकरी माणसाला उपयोग शून्य. आधी ज्या परिचारिकेचे, ज्या हॉटेलातल्या मुलाचे नाव घेऊन आपण वाचन ही चैन आहे म्हणालो, त्यांच्यासाठी काही करायचे तर ते इथे करता येईल, आणि त्याला फार पैसा लागत नाही.

अधिकारी विचारतील, याचा परिणाम मोजायचा कसा? आनंद कोणत्या रकान्यात भरायचा? तो भरूच नये. कोसंबींच्या बाबतीत तो मोजायला बसलेल्या माणसाला पहिली कित्येक वर्षे हाती काहीच लागले नसते. ज्यांना मोजल्याशिवाय चैन पडत नाही त्यांनी वाचकांना मोजण्याऐवजी व्यवस्थेला मोजावे. गावातले ग्रंथालय संध्याकाळी सहानंतर आणि रविवारी किती वेळ उघडे होते, वर्षभरात मुलांसाठी किती नवी पुस्तके आली, त्यांतली किती निवडताना मुलांना विचारले होते, आणि मुलांच्या कपाटाला कुलूप होते की नव्हते.